पाजलेला रांजण

आमच्या सासूला नाक हुतं. आता नाक काय, समद्यांनाच असतं. कुणाचं शिंकायला, कुणाचं दुसऱ्याच्या घरात खुपसायला. पण काशम्माचं नाक निराळं. कुणी तेलाची बाटली घेऊन दारात आलं, की चुलीपुढनंच ती म्हणायची, गेलंय ते, दिव्याला वापर. बाटलीचं बूच बी निघालेलं नसायचं. तेल खवट व्हायला लागलं की आदी गोडसर वास येतो, मग गंजल्या पत्र्याचा येतो, आन् मग माणसाला कळतं, असं तिचं म्हणणं. माणसाला म्हंजी तुमाआमाला. स्वतःला ती त्यात धरायची न्हाय.

आमी लिंगायत तेली. गाव अक्कलकोटाच्या खाली, दोन कोसांवर कर्नाटकाची हद्द. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. सासूचा राग कानडीत, माझी कुरकुर मराठीत, त्यामुळं भांडण कधी नीट लागायचंच न्हाय. माझं नाव चंद्रव्वा. माहेर सोलापुरातलं, बाप गिरणीत. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर माझं लगीन झालं आन् नळाच्या पाण्यावर वाढलेली पोरगी आडाच्या काठावर आली. नवऱ्याचं नाव शिवपुत्र. तवा नाव घ्यायची सोय न्हवती. आता वय झालंय, घेतलं तर कोण विचारतंय.

आमचा घाणा चिंचेच्या लाकडाचा. आजेसासऱ्यानं घडवलेला. कऱ्या नावाचा एकच बैल, डोळ्यांवर झापडं बांधून दिसभर गोल फिरायचा आन् त्याच्या मागं शिवपुत्र फिरायचा. त्याला तेवढी झापडं न्हवती. माझं काम करडई पाखडायची, घाण्यात घालताना पाण्याचा शिपका द्यायचा, आन् तेल निथळलं की तळाची पेंड पहारीनं खणून काढायची. पेंड वाळली की दगड होती. पहिल्या वर्सी माझ्या तळहाताला फोड आलं, दुसऱ्या वर्सी घट्टं पडलं. माहेरी गेले तवा आईनं हात हातात घेतला आन् खोबरेल लावलं. मला तवा लई रडू आलं हुतं. सोलापुरातल्या माझ्या मैत्रिणी वेण्या घालून सिनेमाला जायच्या, आन् माझ्या पदराला, केसाला, उशाला, समद्याला तेलाचा वास.

गोष्ट शहात्तरची. त्या साली करडई झकास आली हुती. करडई म्हंजी काटंच काटं. पहाटं दहिवर असतानाच काढावी लागती, ऊन चढलं की काटं ताठ हुत्यात. लोकांनी हाताला फडकी गुंडाळून रानं मोकळी केली, पोती भरली, आन् बैलगाड्या आमच्या दारावरनं सरळ पुढं गेल्या. तालुक्याला तेलाची गिरण झाली हुती. तितं दोन पोती सकाळी टाकली की दुपारी तेल घेऊन माणूस घरी. आमच्याकडं एका घाणीला अर्धा दिस जायचा. दारात येणारे राहिले ते मोजके, आन् तेबी काशम्माच्या रांजणासाठी.

हा रांजण आमच्या माजघराच्या कोपऱ्यात कमरेपत्तूर जमिनीत पुरलेला हुता. गिरणीचं तेल उन्हाळ्यात दोन महिन्यांत खवट व्हायचं. करडईचं तेल तसं लई नाजूक. पण आमच्या रांजणातलं तेल या पाडव्यापासनं त्या पाडव्यापत्तूर ताजं राहायचं. गावात कुणाची लेक बाळंतपणाला यायची असली की तिचं तेल आदीपासनं आमच्याकडं ठेवायचे. शेजारची गोजरबाई तर म्हणायची, काशम्माकडं तेल ठेवलं की बँकेत ठेवल्यावानी. त्यावर काशम्माची मान जरा ताठ व्हायची.

शिवपुत्र मात्र कंटाळला हुता. माझ्या भावानं निरोप धाडला हुता की गिरणीत बदली कामगाराची जागा निघतीया, दाजींनी मिरगाच्या आदी यावं. शिवपुत्रानं एक दिस जेवताना आईला सांगून टाकलं, असंच चाललं तर कऱ्याला विकायचा आन् सोलापूरला जायाचं. काशम्मानं ताटातला हात थांबवला न्हाय. मी मान खाली घातली, कारण माझं तोंड हसू फुटल्यागत झालं हुतं. खोटं कशाला बोलू?

त्याच महिन्यात मायाप्पा गावाकडं आला. हा आमच्याच गावचा, सोलापुरात एका कॉलेजात शिपाई. जाताना त्यानं शेंगाच्या चटणीसाठी आमच्याकडनं तेल नेलं हुतं, वर्साचं जुनं. ते तिथल्या रसायनाच्या बाईंनी बघितलं, बाटल्यांत घालून उकडलं, कागदावर काय काय मांडलं, आन् पुढच्या रविवारी बाई स्वतःच एस.टी.नं दारात हजर. हेमावती त्यांचं नाव. तिशीच्या असतील. सुती पातळ, जाड भिंगाचा चष्मा, खांद्याला झोळी, झोळीत बाटल्या. आल्या आल्या त्या काशम्माशी कानडीत बोलल्या, तिथंच म्हातारी निम्मी विरघळली.

बाईंचं काम मला पहिल्यांदा खुळ्यासारखं वाटलं. त्या म्हणाल्या, तेलाचं आणि हवेचं वैर असतं, हवा लागली की तेल बिघडत जातं. पण काही बियांमध्येच असं काहीतरी असतं की ते हवेला आडवं येतं. ते बियांतून वेगळं काढायचं, स्पिरिटमध्ये उतरवायचं, हा त्यांचा अभ्यास. डब्यातल्या तेलात कारखान्याची पावडर घालतात, त्याऐवजी बियांतलंच काही मिळालं तर बरं. तीळ झाले, मेथी झाली, करडई झाली. आणि आता काशम्माचं तेल.

"तेलात काय घालता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"काय बी न्हाय," काशम्मा म्हणाली.

मीठ? न्हाय. मेथी? न्हाय. तीळ मिसळता? काशम्मानं बसवण्णाची आण घेतली. मग बाईंनी करडई कुठल्या रानातली, पाणी कुठल्या आडाचं, पेंड किती दिस राहती, समदं वहीत उतरवलं. बैलाचं नाव बी लिहिलं. रांजणात एकदा डोकावल्या, पण आत अंधार, काय दिसणार? संध्याकाळच्या गाडीपत्तूर प्रश्नच प्रश्न. आन् समदे प्रश्न तेलाचे. म्हातारीनं एकाचंबी उत्तर खोटं दिलं न्हाय.

जाताना ठरलं ते असं. सोलापुरातली एक संस्था वसतिगृहांना तेल पुरवायची, तिची दोन माणसं बाईंच्या वळखीची हुती. पाडव्याला ती यायची, त्यांच्यासमोर ताजं तेल आमच्या रांजणात भरायचं, तोंड बंद करायचं, आन् भर उन्हाळा काढून मिरगाच्या आदी उघडायचं. तेल टिकलं तर वसतिगृहांना वर्सभर तेल आमच्या घाण्याचं. शिवपुत्र म्हणाला, चला, तवर थांबतो. टिकलं तर घाणा, न्हाय तर गिरण.

आता माझं ऐका.

पाडव्याच्या आदी चार दिस काशम्मा बहिणीच्या गावाला गेली, तिची सून बाळंत झाली हुती. घरात मी एकली, शिवपुत्र घाण्यावर. मायाप्पा सांगून गेला हुता, संस्थेचे साहेब लई टापटिपीचे, बॅटरी मारून कानाकोपरा बघत्यात. म्हणून मी कंदील घेऊन रांजणात बघितलं. आन् मला शिसारीच आली. आतनं तांबडाकाळा थर बसलेला, किती वर्सांचा कुणास ठाऊक, बोट लावलं तर चिकट. माझ्या आईच्या घरी पितळेच्या घागरीत तोंड दिसायचं. हितं साहेब लोक येणार, बॅटरी मारणार, आन् म्हणणार, या घरातली सून काय करती?

मी खाली राहिलेलं तेल डब्यात काढलं. आडावरनं आठ घागरी आणल्या. चुलीवर पाणी तापवलं, धुण्याचा सोडा टाकला, राख घेतली, काथ्या घेतला, आन् रांजणात खांद्यापत्तूर हात घातला. सकाळी लागले ती उन्हं कलेपत्तूर. तळ घासायला डोकं आत घालावं लागायचं. आत ऊब, सोड्याचा वास, डोळ्याला धारा. कोपर सोललं. पहिलं पाणी काढलं ते घट्ट चहासारखं. दुसरं तांबडं. तिसरं गुलाबी. अंगणात वतत गेले, तर फरशी रंगली. पाचव्या खेपेला रांजण आतनं विटेच्या रंगाचा निघाला, बोट फिरवलं तर खरखरीत, कुंभाराकडनं आजच आणल्यागत. शिवपुत्राला बोलवून दाखवला. तो म्हणाला, लई झकास झालं. आईला बघून बरं वाटंल.

आई काय बघणार, तिच्या दोनी डोळ्यांत मोतीबिंदू. ती पाडव्याच्या आदल्या सांजंला आली, थकलेली हुती, भाकरी खाऊन झोपली. मी सांगितलं न्हाय. लपवायचं म्हणून न्हवं. मला वाटलं, उद्या साहेबच म्हणतील, काय स्वच्छ ठेवलंय, मग तिला कळंल. मला माझं कौतुक दुसऱ्याच्या तोंडनं ऐकायचं हुतं.

पाडव्याला साहेब आले, संगं हेमावती बाई. एक जाडे, एक बारीक. बॅटरी मारली, खरंच मारली, आन् जाडे साहेब म्हणाले, स्वच्छता चांगली आहे. मी पदर सावरला. अंगणात गाव जमलं हुतं. गोजरबाई, मायाप्पा, पारावरचे रिकामे समदे. कुणीतरी मागनं म्हणालं, म्हातारे, ह्या खेपंला खवट झालं तर? हसण्यावारी नेण्यासारखंच हुतं. पण काशम्मा घाण्यापाशी उभी हुती, तिनं त्या लाकडावर हात ठेवला आन् सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"माझ्या रांजणात तेल खवट झालं तर हा घाणा मोडून चुलीत घालीन."

हेमावती बाई म्हणाल्या, अहो आजी, असं कशाला? पण शब्द गेला तो गेला. तेल भरलं. तोंडाला फडकं, त्यावर गूळ-चुन्याचा लेप, त्यावर कागद, कागदावर तिघांच्या सह्या.

मग उन्हाळा. त्या साली चैत्रातच जमीन तापली. दुपारी कावळं बी चोच उघडी टाकून बसायचं. घाणीला माल न्हवता, म्हणून आमी चिंचा फोडायला घेतल्या. बांधावरच्या चिंचेच्या, आन् गावातल्या चार घरांच्या. मी मोगरीनं फोडायची, काशम्मा हातानं चाचपून चिंचोकं निराळं करायची. दिसत न्हवतं तरी एक चिंचोका चुकायचा न्हाय. चिंचोकं भाजून कुटलं की तांबडं टरफल सुटतं आन् आत पांढरा गर राहतो. गराचं पीठ सोलापूरच्या मागवाल्यांना सुताच्या खळीला लागायचं, त्याला मागणी असायची. टरफल आमी उकिरड्यावर टाकायचो.

वैशाख निम्मा सरला हुता. एका दुपारी मी टरफलाचं सूप भरून उकिरड्याकडं निघाले, तर काशम्मा म्हणाली, ठेव ते. मी म्हणाले, कचरा हाय की हो अत्ती. सासूला आमच्यात अत्तीच म्हणत्यात. ती म्हणाली, बस हितं.

मी बसले. तिनं मूठभर टरफलं माझ्या पुढ्यात टाकली आन् सांगायला लागली. नवा रांजण आणला की तो तसाच वापरायचा न्हाय. ही टरफलं तीन दिस पाण्यात उकळायची, पाणी रक्तासारखं झालं की ते रांजणात भरायचं, मुरू द्यायचं, वतायचं, वाळवायचं, परत भरायचं. सात खेपा. रांजण पीत जातो. त्याला रांजण पाजणं म्हणत्यात. आतनं तांबडाकाळा थर धरला की रांजण पाजला. मग त्याला आयुष्यात पाणी लावायचं न्हाय, नुसत्या फडक्यानं पुसायचं.

"कोपऱ्यातला रांजण माझ्या सासूनं पाजला," ती म्हणाली. "शिवपुत्र पाळण्यात हुता तवा. आता नवा आणला तर तुला पाजावा लागंल, म्हणून सांगून ठेवती."

चहासारखं पाणी, तांबडं पाणी, गुलाबी पाणी, समदं डोळ्यापुढनं वाहून गेलं. मी मान खाली घालून टरफलं गोळा करायला लागले. माझं तोंड तिला दिसत न्हवतं, हे त्या घटकंला माझं नशीब वाटलं. ती तशीच बसली. माझ्या बाजूला तोंड करून. मी म्हणाले, अत्ती, गुरांना पाणी पाजायचं राहिलंय, आन् उठले.

त्या दिसापासनं मिरगाच्या आदी उघडायच्या दिसापत्तूर वीस दिस हुतं. वीस दिस लई असत्यात. पोस्टकार्ड टाकलं असतं तर तिसऱ्या दिशी बाईंना मिळालं असतं. सह्यांचा कागद त्यांच्यासमोर फाडून, तेल काढून, रांजण परत पाजता आला असता. घाणा तरला असता. म्हातारीचा शब्द राहिला असता. मी फकस्त तोंड उघडायचं हुतं. भीती हुती, ती खरी. सासू काय म्हणंल, शिवपुत्र काय म्हणंल, गाव काय म्हणंल. पण रोज सकाळी उठून, आज सांगू, म्हणताना भीतीच्या मागं दुसरंच काहीतरी उभं असायचं. तेल खवट झालं तर आमी सोलापूरला जाणार हुतो. नळाचं पाणी. आईचं घर दोन गल्ल्यांवर. अंगाला वास न्हाय. रांजण घासला तवा मला काय ठाऊक न्हवतं, हे देवाशपथ खरं. पण त्या वीस दिसांत मला समदं ठाऊक हुतं, आन् मी गप बसले.

त्या दिसांत काशम्मानं मला दोनदा हाक मारली, मी गेले, तर म्हणाली, काय न्हाय, जा.

उघडायच्या दिशी ढग आलं हुतं, वारा न्हवता. माणूस घामानं नुसता चिंब. साहेब आले, हेमावती बाई आल्या, गाव आला. काशम्मा चुलीपुढं बसली हुती, रांजणापासनं दहा हात लांब. बारीक साहेबांनी सह्या तपासल्या, सुरीनं लेप कापला, फडकं उचललं. अजून कुणी वाकलं बी न्हवतं, तवर काशम्मा उठली, भिंतीला हात लावत लावत बाहेर गेली आन् घाण्यापाशी जाऊन उभी राहिली. तिचं नाक.

मग बाकीच्यांना कळलं. जाड्या साहेबांनी बोट बुडवलं, नाकाशी नेलं, आन् ते बोट आमच्या खांबाला पुसलं. म्हणाले, बरं, येतो आम्ही. चहा ठेवला हुता, घेतला न्हाय. बारीक साहेब पायऱ्या उतरताना म्हणाले, म्हातारीचं नाक म्हातारं झालं. पाच-सहा जण हसले. गोजरबाई हसली न्हाय, पण ती घरात आली, फळीवरची तिच्या लेकीच्या तेलाची बरणी उचलली, पदराखाली घेतली आन् माझ्याकडं न बघता निघून गेली. ते तेल रांजण घासायच्या आदी मी काढून ठेवलेल्यातलं हुतं, त्याला काय बी झालेलं न्हवतं.

अंगण मोकळं झालं. हेमावती बाईंची गाडी संध्याकाळी हुती, म्हणून त्या वट्यावर बसून राहिल्या, वही मिटून. काशम्मा शिवपुत्राला म्हणाली, कुऱ्हाड आण. तो म्हणाला, आई, असू दे, लोक इसरत्यात. तिनं परत सांगितलं. तो कुऱ्हाड घेऊन आला आन् उभा राहिला. ह्याच माणसाला घाणा सोडून गिरणीत जायाचं हुतं, आन् आता त्याच्या हनुवटीवरनं पाणी गळत हुतं. ते बघितलं आन् माझ्याच्यानं ऱ्हावलं न्हाय. मी जाऊन कुऱ्हाडीचा दांडा धरला.

"मी घासला," मी म्हणाले. "रांजण मी घासला. सोडा लावून. आतला थर मी काढला."

शिवपुत्राला काय कळलं न्हाय. कळलं ते हेमावती बाईंना. त्या वट्यावरनं उडीच मारून आल्या. कसला थर? रंग कसला? पाणी कसं निघालं? मी रडत रडत सांगितलं, टरफलाचं, सात खेपांचं, पाजण्याचं. बाईंचे डोळे चष्म्याच्या आत मोठे मोठे होत गेले. म्हणजे तेलात नव्हतंच, त्या म्हणाल्या, भांड्यात होतं! चिंचोक्याच्या सालीत! त्यांनी माझे दोनी हात धरले आन् म्हणाल्या, तुम्ही घासला नसता तर मला हे कधीच कळलं नसतं. घर पेटल्यावर शेजाऱ्यानं म्हणावं, उजेड लई चांगला पडला, तसं झालं ते. मग त्यांचं त्यांनाच उमजलं आन् त्यांनी हात सोडले. म्हणाल्या, आजी, मी साहेबांना पत्र लिहिते. परत येतील. रांजण परत पाजू आपण.

काशम्मानं माझ्याकडं तोंड वळवलं बी न्हाय.

"रांजण पाजता येतो, बाई," ती म्हणाली. "मी गावाला शब्द दिला तो तेलाचा. घासला कुणी, पुसला कुणी, हे त्यात न्हवतं." मग शिवपुत्राला म्हणाली, "घाल घाव."

त्यानं घातला. चिंचेचं लाकूड, तीन पिढ्यांचं तेल प्यालेलं. पहिले सात-आठ घाव कुऱ्हाड नुसती उसळली. नंतर चीर गेली. कऱ्या गोठ्यातनं हंबरायला लागला. हेमावती बाई सुपात उरलेली टरफलं पिशवीत भरून ती मांडीवर घेऊन बसल्या हुत्या, गाडीची वेळ झाली तवा काशम्माच्या पाया पडल्या आन् गेल्या. पुढं त्यांनी त्या टरफलांचा अर्क काढला, तेलात थेंब थेंब घालून बघितला, मोठा लेख लिहिला, असं मायाप्पानं सांगितलं. लेख इंग्रजीत हुता. त्यात काशम्माचं नाव हुतं का, ते त्याला वाचता आलं न्हाय.

दुसऱ्या दिशी सकाळी चुलीत घाण्याचं लाकूड. काशम्मानंच लावलं. धूर न्हाय, काय न्हाय, नुसती पिवळी ज्योत, तव्याच्या बाहेर येणारी. ती भाकरी थापत हुती, मी शेजारी पीठ मळून देत हुते. शिवपुत्र कऱ्याला घेऊन बाजाराला गेला हुता. भाकरी तव्यावर टाकून तिनं विचारलं.

"टरफलाचं सांगितलं, तवा तुला कळलं हुतं न्हवं?"

खोटं बोलता आलं असतं. काल रडले त्यात मी हा भाग कुणालाच सांगितला न्हवता.

"व्हय," मी म्हणाले.

"मग?"

"मला सोलापूरला जायाचं हुतं, अत्ती."

तिनं भाकरी उलटली, पाणी फिरवलं. मग हळूच म्हणाली, मला पाडव्यालाच कळलं हुतं. तेल भरताना रांजणाच्या गळ्याला हात लागला, खरखर लागली, राख लागली बोटाला. चार माणसं उभी हुती. त्यांच्यापुढं सुनेची चूक कशी काढायची? वाटलं, रातीला सांगशील. रात गेली, महिना गेला. म्हणून टरफलं तुझ्या पुढ्यात टाकली. वाटलं, आता तरी बोलशील.

मी म्हणाले, तुमी का न्हाय बोलला? तुमचा शब्द हुता, घाणा हुता.

"वाट बघत राहिले. मग हट्टाला पेटले. घाणा जाऊ दे, म्हटलं, पर तिच्या तोंडनंच यायला पायजे." तिनं जाळ पुढं सारला. "तू बोललीस, पर कुऱ्हाड बघून बोललीस."

भाकरी टम्म फुगली हुती. तिनं ती तव्यावरनं काढली, चाचपत माझं ताट शोधलं आन् माझ्या ताटात टाकली.